घड उचलून अंग का भरत नाही?

वाचकाचं पत्र: सर, मी चोपडा तालुक्यातला. वय २२, वजन ५६ किलो. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. केळी कटाईच्या टोळीत जातो, सकाळभर घड वाहतो. त्याआधी पहाटे पळतो आणि संध्याकाळी तालुक्याच्या जिममध्ये जातो. तीन महिने झाले. बेंच प्रेसला (बाकावर झोपून छातीवरून वजन वर ढकलणं) २० किलोवरून ४० वर आलो, पण वजन जेमतेम किलोभर वाढलं, दंड आहेत तेवढेच. जिमवाला दादा म्हणतो पळणं बंद कर, ‘पयशी तं आंग गयी जाई’ (पळशील तर अंग गळून जाईल), आणि तीन हजाराचा पावडरचा डबा घे. पळणं बंद केलं तर १६०० मीटर कसं निघणार? ग्राउंडवरचा एक मित्र पळण्याआधी इंजेक्शन घेतो, त्याला दमच लागत नाही. मलाही देतो म्हणाला. मला कळत नाही की रोज इतके घड उचलून अंग भरलं नाही, तर जिमने काय होणार? घरी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, डाळ, दूध, कधी अंडी. आणि आजोबा (वय ७४) विचारतात, या वयात माझ्या पायात ताकद येईल का?

उत्तर:

प्रिय भाऊ,

सगळ्यात आधी इंजेक्शनचं बोलू. तुझ्या बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे, याला नाही.

मित्र काय टोचून घेतो त्याचं नाव तू लिहिलेलं नाहीस. पण ‘पळण्याआधी घेतलं की दमच लागत नाही’ हे वर्णन मेफेंटरमाइनशी जुळतं. हे औषध ऑपरेशन थिएटरमधलं. पाठीत भूल दिल्यावर काही रुग्णांचा रक्तदाब एकदम खाली जातो, तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते देतात, तेही मॉनिटरवर डोळा ठेवून. धडधाकट पोराने ते घेतलं की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि थकव्याची जाणीव दबते. शरीर थकलेलंच असतं, ते कळायचं बंद होतं. अशा अवस्थेत आपल्याकडच्या उन्हात जीव तोडून पळणं म्हणजे हृदयाचा झटका, मेंदूतला रक्तस्राव किंवा उष्माघात ओढवून घेणं आहे. शिवाय त्याची सवय लागते, झोप उडते, काहींना संशय आणि भास सुरू होतात. स्नायू मात्र तोळाभरही वाढत नाही. सिरिंज दोघांनी मिळून वापरली तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी यांचा धोका वेगळाच. तू घेऊ नकोस. आणि मित्राला या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. रक्तदाब मोजून घ्या, काय टोचतो आणि किती दिवसांपासून, ते डॉक्टरांना खरंखरं सांगा. ‘मी बरा आहे’ असं तो म्हणेल, कारण हे औषध घेणाऱ्याला तसंच वाटत असतं.

आता घडाकडे येतो. तुझा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण स्नायू कशाने वाढतो याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

कटाईवाला बुंध्यावरून घड सोडतो, तू तो खांद्यावरच्या गादीवर झेलतोस, एका हाताने दांडा धरतोस आणि पानं चुकवत सरीतून बांधापर्यंत चालतोस. वीस-पंचवीस किलोचा घड. ठेवतोस, परत येतोस, पुढचा घेतोस. तुझा पहिला सीझन आठव. पहिले काही आठवडे खांदे, कंबर, पोटऱ्या ठणकल्या असतील आणि नंतर हळूहळू अंगाला सवय झाली असेल. त्या काळात खांदा-पाठ थोडी भरलीही असेल. मग ते थांबलं. थांबलं कारण घडाचं वजन दर आठवड्याला वाढत नाही. शरीराने त्या ओझ्यापुरती तयारी केली आणि तिथेच मुक्काम केला. स्नायू बाळगणं महागडं काम आहे, त्याला बसल्या जागीही ऊर्जा लागते. गरजेपेक्षा जास्त स्नायू शरीर ठेवत नाही.

दुसरं असं की ओझं वाहताना तुझ्या स्नायूतले सगळे तंतू कामाला लागत नाहीत. मणक्यातली एकेक चेतापेशी तंतूंचा एकेक गट चालवते. काही गट लहान आणि चिवट असतात, काही मोठे, जोरदार पण लवकर थकणारे. काम हलकं असलं की आधी लहान गट लागतात आणि जोर कमी पडला तरच मोठे. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत हा क्रम दाखवून दिला. मोठ्या गटांतले तंतूच सगळ्यात जास्त फुगू शकतात. दिवसभराच्या मजुरीत माणूस शहाणपणाने दम राखून काम करतो. राखायलाच हवा, कारण दुपारपर्यंत टिकायचं असतं. त्यामुळे ते मोठे तंतू बहुतेक वेळ बसूनच राहतात. जिममध्ये सेटची (न थांबता केलेल्या एका फेरीची) शेवटची दोन-तीन रेप्स (उचलणी) जेव्हा थरथरत निघतात, तेव्हा ते उठतात.

म्हणून वजन अवाढव्य असण्याचीही गरज नाही. हलक्या वजनाने केलेला सेटही अगदी दमेपर्यंत नेला तर स्नायूची वाढ जड वजनाइतकीच होऊ शकते, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. निव्वळ ताकद वाढवायला मात्र जड वजनच सरस. तुझ्या जिममध्ये प्लेटा कमी असतील तर नाउमेद होऊ नकोस.

मग बेंच दुप्पट झालं आणि दंड तेवढेच, हे कसं? पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती मुख्यतः मज्जातंतूंची करामत. मेंदू जास्त तंतूंना एका वेळी हाक मारायला शिकतो, हाकेचा वेग वाढवतो, उलट बाजूने ओढणाऱ्या स्नायूंना ढिलं सोडायला शिकतो. मोरितानी आणि डीव्ह्रीस या दोघा संशोधकांनी १९७९ मध्ये हे मोजून दाखवलं, सुरुवातीची ताकद बहुतेक मज्जासंस्थेतून येते आणि स्नायूच्या जाडीचा वाटा नंतर वाढत जातो. म्हणजे तुझे तीन महिने वाया गेलेले नाहीत. तुझ्याकडे आता आहे तेवढा स्नायू पूर्ण वापरता येतो. नवा स्नायू बांधायची वेळ आता आली आहे, आणि तिथे तुझं अडतंय ते खाण्यापाशी. ते पुढे सांगतो, आधी आत काय घडतं ते बघ. हे एकदा कळलं की पावडर, इंजेक्शन, पळणं या सगळ्याबद्दल तुझं तुलाच ठरवता येईल.

स्नायूचा एक तंतू म्हणजे एकच पेशी, पण काही सेंटीमीटर लांब असू शकणारी आणि शेकडो केंद्रकं असलेली. आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे खच्चून भरलेले. हे धागे कायमचे नसतात. रोज काही मोडले जातात, रोज काही नवे बांधले जातात. बांधकाम मोडण्यापेक्षा जास्त झालं की तंतू जाड होतो, कमी झालं की बारीक. जोरदार व्यायामानंतर बांधकामाचा वेग वाढतो आणि तो एक ते दोन दिवस वाढलेला राहतो. म्हणजे जिममध्ये आरशात दंड फुगलेला दिसतो तो रक्ताचा आणि पाण्याचा फुगवटा असतो, खरा दंड तू घरी जेवत आणि झोपत असताना तयार होतो.

हा वेग वाढवतं कोण? ओझ्याखाली तंतू ताणला गेला की तो ताण धाग्यांतून आणि पेशीच्या आवरणावर रोवलेल्या प्रथिनांतून आत पोहोचतो आणि तिथे एकामागून एक प्रथिनं जागी होतात. त्या साखळीतलं सगळ्यात महत्त्वाचं नाव एमटॉर. हे एक एन्झाइम आहे. ते जागं झालं की रायबोसोम नावाचे पेशीतले कारागीर प्रथिनं जास्त वेगाने जोडू लागतात, आणि पुढे खुद्द रायबोसोमही वाढतात.

एमटॉरचा शोध लागला तो एका औषधामुळे. १९६४ मध्ये कॅनडाची एक मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन आली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल यांनी १९७० च्या दशकात एक औषध वेगळं काढलं. ते अविभाजित पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून औषधाचं नाव रापामायसिन. ते पेशींची वाढ थांबवायचं. ते नेमकं कुणाला थोपवतं याचा शोध घेताना हे एन्झाइम सापडलं. एमटॉर या नावातला ‘आर’ त्या रापामायसिनचाच. २००१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की स्नायूवर जास्तीचा भार टाकला पण सोबत रापामायसिन दिलं, तर भार असूनही स्नायू फारसा वाढत नाही. २००९ मध्ये माणसांवरही तसाच प्रयोग झाला. स्वयंसेवकांनी पायांचा व्यायाम केला, औषध न घेतलेल्यांच्या स्नायूत प्रथिनबांधणी वाढली, औषध घेतलेल्यांच्या नाही. घाम दोघांनी सारखाच गाळला होता. कष्ट आणि वाढ यांच्या मधे पेशीतली ही एक पायरी आहे आणि ती अडली की कष्ट अंगाला लागत नाहीत, हे मला या सगळ्या संशोधनात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घडांची सगळी मेहनत अंगाला का लागली नाही, तेही इथूनच समजतं.

कारण एमटॉर फक्त ताणावर चालत नाही. त्याला आणखी दोन गोष्टी लागतात. एक, ल्यूसीन. हा प्रथिनांचा एक घटक, एक अमिनो आम्ल. तो पेशीत पुरेसा आहे की नाही हे एमटॉर तपासून बघतं. कच्चा माल आलाय असं त्यावरून ठरतं. दुसरी गोष्ट ऊर्जा. पेशीत ऊर्जा कमी पडली की एएमपीके नावाचं दुसरं एन्झाइम जागं होतं आणि ते एमटॉरला आवरतं. घरात धान्य नसताना बांधकाम काढायचं नाही, असा सरळ हिशेब. पहाटे पळून, अनशापोटी चार-पाच तास घड वाहून, दुपारी एकदाच पोटभर जेवून तू संध्याकाळी जिमला जात असशील, तर तुझ्या स्नायूत बांधणीचा हुकूम सुटतो आणि वाटेतच अडतो.

बांधकामात आणखी एक मंडळी असतात, उपग्रह पेशी. तंतूच्या अंगाला चिकटून झोपलेल्या या मूळपेशी १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. भार पडला, थोडी इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात आणि तंतूत मिसळून आपली केंद्रकं त्याला देतात. तंतू मोठा झाला की त्याला सांभाळायला जास्त केंद्रकं लागतात, ती इथून येतात.

आणि हो, काही पोरांचं अंग लवकर भरतं, काहींचं उशिरा. त्यात जन्मजात फरक खूप असतो. शरीर मायोस्टॅटिन नावाचं एक प्रथिन स्वतःच बनवतं आणि ते स्नायूच्या वाढीला लगाम घालतं. १९९७ मध्ये हे जनुक बंद केलेल्या उंदरांचे स्नायू दुपटीहून मोठे झाले होते. बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांत ते निसर्गतःच बिघडलेलं असतं. तुझ्याशेजारच्या पोराशी दंडाची बरोबरी करू नकोस, स्वतःच्या मागच्या महिन्याशी कर.

अंग फुगवणारी दुसरी इंजेक्शनंही कधीतरी तुझ्यासमोर येतील. ती टेस्टोस्टेरॉनच्या जातीची. त्यांनी स्नायू वाढतो, हे मी लपवणार नाही. पण बाहेरून हार्मोन आलं की मेंदू आतला कारखाना बंद करतो. अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात, काहींना स्तन वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, हृदयाची भिंत जाड होते. काही वर्षांनी लग्न करून संसार थाटायचा आहे तुला. बंद पडलेला तो कारखाना परत सुरू व्हायला महिनेच्या महिने लागतात, काहींचा पूर्ण सुरू होतच नाही.

आता पळण्याचं. तुझा जिमवाला दादा अगदी हवेतलं बोलत नाहीये, त्यामागे एक खरा प्रयोग आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये तीन गट केले. एक फक्त वजन उचलणारा, एक फक्त दमाचा व्यायाम करणारा आणि एक दोन्ही करणारा. दहा आठवडे. सुरुवातीचे सात-आठ आठवडे दोन्ही करणाऱ्यांची ताकद फक्त वजन उचलणाऱ्यांसारखीच वाढली, मग थांबली आणि शेवटी थोडी घसरली. तेव्हापासून ‘पळालं की ताकद जाते’ हे वाक्य जिमच्या भिंतीला चिकटलं. पण त्यांचा कार्यक्रम बघ ना. आठवड्यातून पाच दिवस पायांचे जड व्यायाम आणि सहा दिवस जोरकस सायकलिंग-धावणं. इतकं कुणालाही झेपणार नाही. नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला तर चित्र बरंच निवळतं. दोन्ही केल्याने स्नायूची जाडी आणि कमाल ताकद वाढायची थांबत नाही. फटका बसतो तो झटक्याच्या ताकदीला, आणि तोही मुख्यतः दोन्ही एकाच बैठकीत केलं तर.

ही गोष्ट तुझ्यासाठी महत्त्वाची आहे. भरतीला १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. सव्वासात किलोचा गोळा आणि १०० मीटर, दोन्ही झटक्याची कामं. म्हणजे लांब पळून पाय जड झालेले असताना लगेच गोळ्याचा सराव करू नकोस. गोळा आणि छोट्या स्प्रिंट ताज्या पायांनी, आधी.

आणि १६०० मीटरला पळणं सोडून चालणारच नाही. पाच-सहा मिनिटांच्या या शर्यतीतली बरीचशी ऊर्जा ऑक्सिजन वापरून येते, आणि ऑक्सिजन वापरायची जागा म्हणजे स्नायूतले मायटोकॉन्ड्रिया. १९६७ मध्ये जॉन होलॉझी यांनी उंदरांना काही आठवडे पळवलं तेव्हा त्यांच्या स्नायूतली मायटोकॉन्ड्रियाची एन्झाइमं जवळपास दुप्पट झाली होती. हे घडवून आणणाऱ्या साखळीत तेच एएमपीके आहे, ज्याला मी वर एमटॉरला आवरणारं म्हटलं. ते पीजीसी-वन-अल्फा नावाच्या प्रथिनाला हलवतं आणि पेशी नवे मायटोकॉन्ड्रिया बांधायला घेते. म्हणजे एएमपीके तुझा वैरी नाही. पहाटे त्याला त्याचं काम करू दे, मग खा, विश्रांती घे, आणि संध्याकाळी एमटॉरला त्याचं. मधे सहा-सात तास आणि पोटात अन्न गेलेलं असलं की दोघांची टक्कर फारशी होत नाही. तुझी पहाट आणि संध्याकाळ आधीच वेगळी आहे. मधल्या वेळेचं खाणं मात्र नाही.

खाण्याचा हिशेब मांडू. निरोगी प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं, असं आपल्या आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) म्हणणं आहे. तुझ्यासाठी ते ४६ ग्रॅम झालं. पण स्नायू वाढवायचा असेल तर १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होत राहतो, म्हणजे तुला ९० ग्रॅम. ऐकायला मोठं वाटतं. कळण्याचं पीठ दिवसाला २०० ग्रॅम पोटात गेलं तर साधारण २५ ग्रॅम प्रथिन आलं. आणि कळणा हा तुझा सगळ्यात मोठा आधार आहे, त्याला गरिबाघरची भाकरी म्हणून कमी लेखू नकोस. ज्वारीत ल्यूसीन भरपूर पण लायसीन, म्हणजे दुसरं एक अमिनो आम्ल, कमी. उडदात लायसीन चांगलं. आपल्या आज्या-पणज्यांनी दोन्ही एकत्र दळले, त्यात एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. दोन वाट्या घट्ट डाळ, म्हणजे ६० ग्रॅम कच्ची, तिचे १४. मूठ-दीड मूठ शेंगदाणे, ५० ग्रॅम, त्यांचे १२. अर्धा लिटर दूध, १६. दोन अंडी, १२. सोयाबीनच्या वड्या २० ग्रॅम भाजीत टाकल्या तर १०. बेरीज नव्वदच्या घरात जाते. ‘कधी अंडी’ लिहिलंयस ते ‘रोज अंडी’ कर, आणि डाळीचं नुसतं पाणी पिऊ नकोस, डाळ खा.

पण हे सगळं दुपारच्या एका जेवणात रिचवायचं नाही. तू केळीच्या मुलखातला, तुला हे लगेच पटेल. महिन्याचं पाणी एकाच दिवशी पाटाने सोडून दिलं तर केळी पोसते का? ठिबकने रोज थोडं थोडं मुळाशी जावं लागतं. प्रथिनांचं तसंच, चार वेळा वीस-पंचवीस ग्रॅमच्या आसपास. पळून आलास की दूध आणि दोन केळी, मगच बागेत जा. केळीत प्रथिन नावालाच असतं, एका केळीत ग्रॅमभर, पण तिची साखर स्नायूतला रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा भरते. घड वाहताना मधल्या सुट्टीत शेंगदाणे-गूळ आणि कळण्याची अर्धी भाकरी. कुठल्याही डब्यापेक्षा ही न्याहारी तुला जास्त फळेल, याची मला खात्री आहे.

डब्याचं उत्तर एवढ्यात आलंच. अशा डब्यात बहुधा व्हे असतं, म्हणजे दुधातलंच प्रथिन, एका स्कूपमध्ये पंचवीसेक ग्रॅम. निरोगी माणसाला ते अपायकारक नाही, पण ज्याचं ताटातलं प्रथिन पुरतं त्याला त्याने जादा काही मिळत नाही. तीन हजारांत तुझी अंडी आणि दूध कितीतरी दिवस चालतील. बाजारात बनावट डबेही फिरतात, तेव्हा जिमच्या काउंटरवरून सुटा माल कधीच घेऊ नकोस. सप्लिमेंटमध्ये खरोखर उपयोगी म्हणावं असं एकच, क्रिएटिन, रोज ३ ते ५ ग्रॅम. ते स्वस्त आहे आणि त्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. किडनीचा त्रास असेल तर मात्र घ्यायचं नाही. त्याने सुरुवातीला वजन किलोभर वाढतं ते पाण्याचं, आणि १६०० मीटरला ते अंगावर वाहावं लागतं. मी तुझ्या जागी असतो तर आधी सहा महिने नुसतं ताट सुधारलं असतं.

झोपेबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, आणि तिथेच मला शंका येते. पहाटे चारला उठणारा पोरगा मोबाइल सोडून कधी झोपतो? तरुणांना एक पूर्ण रात्र जागवल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्नायूतली प्रथिनबांधणी १८ टक्क्यांनी कमी भरली, असं २०२१ मधल्या एका अभ्यासात दिसलं. नऊला आडवा हो.

आठवड्याची आखणी माझ्या मते अशी असावी. वजनांचे तीनच दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्यात स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), बेंच, पाठीसाठी ओढण्याचा एक व्यायाम आणि डोक्यावर ढकलण्याचा एक, प्रत्येकी तीन-चार सेट. शेवटची दोन रेप्स कष्टाने निघतील असं वजन, आणि ठरलेली रेप्स सहज झाली की पुढच्या वेळी थोडं वाढव. घडापेक्षा जिम वेगळी ती एवढ्याचसाठी. पळण्याचे चार दिवस पुरे. दोन दिवस आरामात लांब, एक दिवस ४०० मीटरचे वेगवान राउंड मधे विश्रांती घेत, एक दिवस गोळा आणि स्प्रिंट. वेगवान राउंडच्या दिवशी संध्याकाळी पायांचे जड व्यायाम टाळ. एक दिवस काहीच नाही. कटाई जोरात असेल त्या आठवड्यात जिमचा एक दिवस सोडून दिलास तरी काही बिघडत नाही, मिळवलेला स्नायू आठवडाभरात कुठे जात नाही.

मांड्या धरतात त्याची धास्ती नको. ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे होतं असं ग्राउंडवर सांगतात, पण लॅक्टेट तासाभरात रक्तातून निवळतं आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. तो येतो ताणाखाली लांबणाऱ्या तंतूंच्या बारीक इजेमुळे आणि त्यानंतरच्या सुजेमुळे. उतारावर पळालं, वजन सावकाश खाली सोडलं की जास्त. तोच व्यायाम पुन्हा केला की कमी दुखतं. दुखलं नाही म्हणजे व्यायाम झाला नाही, असंही समजू नकोस.

एका खुणेकडे मात्र कधीच दुर्लक्ष करू नकोस. एकदम झेपेल त्यापेक्षा फार जास्त व्यायाम, वर ऊन आणि कमी पाणी, असं झालं तर स्नायूचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरून किडनीत अडकतं. लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद होते, स्नायू सुजून कडक होतात. असं दिसलं की घरगुती उपाय नकोत, त्याच तासाला दवाखाना. मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे पहाटेचंच पळणं, आणि बागेत सावलीत असलास तरी पाण्यात मीठ-साखर टाकून पीत राहा. टोचून पळणाऱ्यांत हा धोका आणखी वाढतो, कारण थांबायची वेळ झाली हे त्यांना कळतच नाही.

राहिले आजोबा. त्यांना सांग, येईल. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हातारपणी एमटॉर ऐकेनासं होत नाही, त्याला जरा मोठ्याने सांगावं लागतं, म्हणजे तेवढ्याच बांधणीला एका जेवणात तरुणापेक्षा थोडं जास्त प्रथिन लागतं. आधी त्यांचा रक्तदाब, साखर आणि किडनी तपासून डॉक्टरांना विचार. मग भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि सावकाश बसायचं, जमेल तितक्या वेळा, थोडं थांबून पुन्हा, एक दिवसाआड. सुरुवातीला तू शेजारी उभा राहा. सोपं वाटायला लागलं की त्यांच्या हातात पाण्याची भरलेली बाटली दे, मग दोन. आणि रात्री नुसती खिचडी-कढी खाऊन झोपत असतील तर त्यांच्या ताटातही एक अंडं किंवा वाटीभर दही वाढ.